एक्सेलमध्ये आपण कोणत्या ओळीवर आहोत तेच कळंना

प्रश्न (आडत दुकान, लातूर):
सोयाबीनच्या पट्ट्यांची (विक्रीच्या हिशोब-चिठ्ठ्यांची) नोंद एक्सेल २०१६ मध्ये करतोत. १,४०० ओळी, १२ रकाने: नाव, गाव, कट्टे, वजन, भाव, हमाली, तोलाई वगैरे. पट्टी बघून नजर परत स्क्रीनवर आली की चालू सेलची बारीक हिरवी चौकट सापडत नाही. २१४ व्या ओळीचं वजन २१५ मध्ये पडलं तर एकाचे पैसे दुसऱ्याच्या नावावर जातात. अख्खी ओळ रंगीत दिसंल असं काही आहे का?

उत्तर (परभणी):
दादा, मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये व्ह्यू टॅबवर 'फोकस सेल' आहे, एका क्लिकचं काम. २०१६ मध्ये ते नाही, म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग (अट जुळली की सेलला रंग देणारी सोय) वापरा.

ए२ पासून एल१५०० पर्यंत निवडा. होम, कंडिशनल फॉरमॅटिंग, न्यू रूल, आणि यादीतला शेवटचा, फॉर्म्युल्याचा पर्याय. त्यात इंग्रजी अक्षरांत टाका: =रो()=सेल("रो"). रंग फिका पिवळा घ्या. गडद घेतला तर आकडे वाचवत नाहीत. पूर्ण शीट मात्र निवडू नका, फाइल जड होते.

आता सेल बदलूनही रंग जागचा हलणार नाही. नुसतं सेल बदलल्यानं एक्सेल पुन्हा गणित करत नाही. एफ९ दाबलं की रंग सरकतो.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
दर ओळीला एफ९ कोण दाबणार? खाली शीटच्या नावावर राइट क्लिक, व्ह्यू कोड. वरच्या डाव्या यादीत 'वर्कशीट' निवडलं की सिलेक्शनचेंजच्या दोन ओळी आपोआप येतात. त्यांच्या मधे इंग्रजीत एवढंच लिहा: इफ ॲप्लिकेशन.कटकॉपीमोड = फॉल्स देन टार्गेट.कॅल्क्युलेट. 'इफ'ची अट गाळू नका, नाहीतर कॉपी करून दुसऱ्या सेलवर जाताच कॉपी सुटते.

फाइल .एक्सएलएसएम प्रकारात सेव्ह करा, .एक्सएलएसएक्स मध्ये असा कोड, म्हणजे मॅक्रो, राहत नाही.

सेलचा रंग थेट बदलणारे तयार मॅक्रो नेटवर पुष्कळ मिळतात, ते घेऊ नका. त्यातले बरेचसे आधी शीटचे सगळे रंग पुसतात, म्हणजे समजा उधारीच्या ओळींना तुम्ही लाल रंग दिला असंल, तर तो गेला. वर कंट्रोल+झेडही चालत नाही.

प्रश्नकर्ता:
जमलं! फक्त काही ओळी मधेच रंगत नाहीत.

उत्तर (परभणी):
तिथं दुसरीकडून कॉपी करून चिकटवलं असणार. साध्या पेस्टनं त्या जागचं फॉरमॅटिंगही बदलतं आणि नियमाचे तुकडे पडतात. कंडिशनल फॉरमॅटिंगच्याच मॅनेज रूल्समध्ये 'धिस वर्कशीट' निवडून बघा, एकच नियम पाच-सात वेळा दिसंल. एक ठेवून बाकीचे काढा, ठेवलेल्याच्या 'अप्लाइज टू' मध्ये ए२ ते एल१५०० हा पूर्ण भाग लिहा. पुढं पेस्ट स्पेशलमधून फक्त व्हॅल्यूज चिकटवा.

उत्तर (नांदेड):
रंगाइतकीच बोटांची सवय महत्त्वाची. नावापासून सुरू करून प्रत्येक रकान्यानंतर टॅब, शेवटी एंटर. चौकट आपोआप पुढच्या ओळीत नावाखाली येते. मधेच माउसनं क्लिक केलं तर एंटर त्या क्लिकच्या रकान्याखाली नेतो. चूक बहुतेक तिथंच होते. स्क्रोल करून लांब गेलात तर कंट्रोल+बॅकस्पेस, चालू सेल समोर येतो. ॲरोनं चौकट न हलता पानच सरकत असंल तर स्क्रोल लॉक चालू आहे.

लिब्रेऑफिस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक्सेलसारखं कॅल्क आहे; २४.२ आवृत्तीपासून त्याच्या व्ह्यू मेनूतच ओळ-रकाना उठून दिसण्याची सोय आहे, तिथं मॅक्रो लागत नाही.