‘मध्यस्थी’ करणारी ती ‘मध्यस्थ’च ना?

नवापूरकर :
परवा सोयरिकीच्या बैठकीत एका शब्दावरून जुंपली. मुलगा आमचा, प्रोटेस्टंट मंडळीतला. मुलगी भुसावळची, कॅथलिक. मुलीची आजी सहज म्हणाली, “मरियामातेच्या मध्यस्थीनं जुळून आलं हो.” आमचे काका ताडकन उठले. “मध्यस्थ एकच, ख्रिस्त येशू! बायबलातलं १ तीमथ्य २:५ काढा.” चहा तसाच निवला. धर्माचं राहू द्या, मला भाषेचं सांगा. मध्यस्थी करणारी ती मध्यस्थ, हे व्याकरणानं बरोबरच आहे. मग काकांचं चुकलं कुठं?

धुळेकर :
भाऊ, घोळ व्याकरणातच आहे. काकांच्या वचनात मूळ ग्रीक शब्द ‘मेसितेस’, म्हणजे मधे उभा राहून दोन पक्षांचा करार घडवणारा. अक्षरशः मध्य-स्थ. पण त्याच अध्यायाच्या पहिल्या वचनात ‘एन्तेउक्सिस’ आहे, म्हणजे दुसऱ्यासाठी केलेली विनवणी, आणि ती सगळ्या माणसांसाठी करा असं तिथं सांगितलंय. मराठीनं दोघांना एकाच घरात कोंबलं. रोमकरांस ८:२६ बघा, आत्मा आपल्यासाठी ‘मध्यस्थी करतो’. ग्रीकात तिथं मेसितेस नाही.
आपल्याकडचंच घ्या. सोयरीक जुळवणारा मध्यस्थ वेगळा. त्याला टॉवेल-टोपी मिळते आणि पुढं बिनसलं तर शिव्याही त्यालाच. आणि “मायले सांग, ती आबाले सांगी” हे वेगळं. माय काही करार करत नाही, पोरासाठी शब्द टाकते. त्याला मराठीत ‘रदबदली’ हा छान शब्द आहे. आजींना तोच म्हणायचा असणार.

भुसावळकर :
रदबदली नको हो, वशिल्याचा वास येतो. विनवणी बरी. बायबलात काना गावच्या लग्नात येशूची आई मरिया “त्यांच्याजवळ द्राक्षारस नाही” एवढंच बोलते; पुढं नोकरांना सांगते, हा सांगेल ते करा. आमच्या आज्यांच्या डोक्यात हेच चित्र असतं.
पण धुळेकर, शब्द बदलून भांडण मिटेल असं मला वाटत नाही. आमच्या कॅथलिक धर्मसभेच्या, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या, १९६४ च्या दस्तऐवजात मरियेला ‘मेडियाट्रिक्स’ म्हटलंय, म्हणजे सरळ स्त्रीलिंगी मध्यस्थ! ख्रिस्ताच्या एकमेव मध्यस्थीत त्यानं काही कमीजास्त होत नाही, असा खुलासा लगेच जोडलाय. पण पदवी आहे ती आहे. नवापूरकरांचे काका विचारणार, स्वर्गातल्या मरियेला विनवा असं लिहिलंय कुठं? आमचं उत्तर ‘पवित्र परंपरा’. १५४६ मध्ये आमच्याच ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं शास्त्र आणि परंपरा दोन्ही सारख्याच आदरानं स्वीकारली. काकांसाठी अखेरचा अधिकार फक्त शास्त्राचा. आणि मराठीत ‘परंपरा’ म्हटलं की लोकांना वाडवडिलांची चाल वाटते; येशूच्या प्रेषितांपासून हातोहात आलेली शिकवण हा अर्थ पोचतच नाही.

धुळेकर :
पदवीचा मुद्दा कबूल. रदबदली मात्र सोडत नाही!

नवापूरकर :
काकांना सगळं वाचून दाखवलं. रदबदली ऐकून म्हणाले, “तलाठ्याकडं करतात ती?” विनवणीला मात्र हूं केलं. बैठक पुन्हा बसली, हळदीचा दिवस काकांनीच धरला. मी विचारलं, “काका, हळद कोणत्या अध्यायात?”
“अरे, शास्त्र असतं ते!”