जुन्या दक्षिणी फंक आणि आर अँड बीचे लाइव्ह कार्यक्रम: कुठून सुरुवात करावी?

तालमीत:
अमेरिकेच्या दक्षिणेतल्या मेंफिस आणि न्यू ऑर्लिन्सकडचं साठ-सत्तरच्या दशकातलं फंक आणि आर अँड बी (रिदम अँड ब्लूज), म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं तालप्रधान संगीत, स्टुडिओ रेकॉर्डिंगमधून बऱ्यापैकी ऐकलं आहे. आता लाइव्ह ऐकायचं आहे. नुसती यादी नको, कशाकडे कान ठेवायचा तेही सांगा. आणि एक शंका: जुन्या डीव्हीडीवर गायक ओटिस रेडिंगचा आवाज चढ्या पट्टीत का वाटतो?

मेंफिसवाला:
ओटिसपासूनच सुरू करा, पण दोन कार्यक्रम शेजारी ठेवून. एप्रिल १९६६ मध्ये लॉस एंजेलिसच्या 'व्हिस्की अ गो गो'त त्याच्यामागे त्याचा दौऱ्यावरचा बँड आहे. ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) खडबडीत, पण जोर विलक्षण. जून १९६७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे संगीत महोत्सवात मागे बुकर टी. अँड द एम.जी.ज, म्हणजे मेंफिसच्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओतला बँड. तिथे त्यांचा ड्रमर अल जॅक्सन याच्या स्नेअरवर (कडकडीत आवाजाच्या ड्रमवर) लक्ष ठेवा. स्टॅक्सच्या स्टुडिओत दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेचा ठोका तो किंचित उशिरा टाकायचा. लाइव्हमध्ये लय चढल्यावर ती फट उरते का, हे ऐकण्यात खरी मजा आहे. त्यानंतर एप्रिल १९६७ चं ओस्लोचं चित्रीकरण बघा, त्यात सॅम अँड डेव्ह ही गायकजोडीही आहे.

गायक सॅम कुकचं मायामीच्या हार्लेम स्क्वेअर क्लबमधलं रेकॉर्डिंग चुकवू नका. जानेवारी १९६३ चं आहे, पण रेकॉर्ड कंपनीला ते फार रांगडं वाटलं आणि १९८५ पर्यंत बाहेर आलं नाही. माझ्या मते त्याचा खरा गळा तिथेच कळतो.

खर्ज:
न्यू ऑर्लिन्ससाठी द मीटर्स हा बँड. मार्च १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच बंदरातल्या क्वीन मेरी जहाजावर पॉल मॅकार्टनीची पार्टी होती, तिथला त्यांचा कार्यक्रम १९९२ मध्ये अल्बम म्हणून आला. त्याच पार्टीतलं न्यू ऑर्लिन्सचा पियानोवादक प्रोफेसर लाँगहेअर याचं वादन त्याआधीच, १९७८ मध्ये निघालं होतं. दोन्ही लागोपाठ ऐका: मिरवणुकीच्या ब्रास बँडमधला ठेका आधी पियानोत आणि मग मीटर्सच्या झिगाबू मॉडेलिस्टच्या ड्रम्समध्ये कसा उतरतो ते समजतं. पहिल्या वेळी फक्त मीटर्सच्या जॉर्ज पोर्टरचा बास धरा. तो कुठे वाजवत नाही, तिकडे लक्ष द्या.

जेम्स ब्राउनचा पॅरिसच्या ऑलिंपियामधला मार्च १९७१ चा कार्यक्रम याच्या पुढची पायरी. बूट्सी कॉलिन्स बासवर आहे. पहिल्या मात्रेवर सगळे एकत्र येतात, समेवर यावं तसे. फक्त इथे दर चार मात्रांनी.

रीळ-दुरुस्ती:
चढ्या पट्टीचं कारण पाल (टीव्ही चित्राची एक पद्धत) डीव्हीडी. आपल्याकडे हीच पद्धत होती. माँटेरेसारखं चित्रीकरण सेकंदाला २४ फ्रेमच्या फिल्मवर झालेलं, पालमध्ये ते २५ ने चालतं. वेग सुमारे ४ टक्के वाढतो, स्वर जवळजवळ पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) चढतो. १०० मिनिटांचा चित्रपट ९६ मिनिटांत संपत असेल तर शंका खरी.

व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ करा. पण आधी ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग (वेग बदलला तरी पट्टी तीच ठेवणारी सोय) बंद करा. ते चालू असलं तर वेग उतरतो आणि पट्टी चढलेलीच राहते. काही डीव्हीडींवर पट्टी आधीच दुरुस्त केलेली असते, तिथे उलट टाइम-स्ट्रेचिंग चालूच ठेवा. टीव्हीसाठी व्हिडिओ टेपवर घेतलेल्या कार्यक्रमांना हा उपाय लावू नका, स्वर उगाच उतरेल.

स्टॅक्सच्या कलाकारांच्या कार्यक्रमावरचा 'वॉटस्टॅक्स' हा चित्रपट घेणार असाल तर आवृत्ती तपासा. कार्यक्रम २० ऑगस्ट १९७२ चा, लॉस एंजेलिस कोलिसियममधला. १९७३ च्या चित्रपटातून आयझॅक हेजचं 'शाफ्ट' या चित्रपटाचं गाणं हक्कांच्या अडचणीमुळे काढावं लागलं होतं. २००३ च्या आवृत्तीत ते परत आलं.

तालमीत:
हे फोनच्या स्पीकरवर चालेल का?

खर्ज:
नाही. बास गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्झची आणि फोनचा स्पीकर त्याच्या खूप वरूनच आवाज देऊ लागतो. म्हणजे फंकचा पायाच ऐकू येणार नाही. वायरवाले हेडफोन घ्या; ब्लूटूथवर आवाज मागे पडला तर ड्रमरचा हात आणि ठोका जुळत नाहीत. साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ मिश्रणांत एका कानात गायक आणि दुसऱ्यात बँड असतो. त्याने डोकं दुखत असेल तर फोनच्या अ‍ॅक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ चालू करा. बास बूस्ट मात्र बंदच ठेवा, नाहीतर किक ड्रम आणि बास एकमेकांत मिसळून जातात.