लाल मकाव ओळखताना आधी गाल बघा

लातूरच्या प्रदर्शनातल्या लाल मकाव पोपटाच्या फोटोखाली 'एवढा मोठा म्हणजे स्कार्लेटच' असं लिहिलंय, ते पटत नाही. स्कार्लेट आणि ग्रीन-विंग्ड या दोन्ही लाल मकावच्या जाती, आणि आकारावरून या दोघांचा निकाल लागत नाही. दोन्ही साधारण ९० सेंमीच्या घरात, शिवाय ग्रीन-विंग्ड अंगानं जास्तच दणकट. पंखावर पिवळा पट्टा म्हणजे स्कार्लेट, हिरवा म्हणजे ग्रीन-विंग्ड, ही नेहमीची खूण बरोबर आहे, पण या फोटोत पंख मिटलेला आणि पट्टा सावलीत आहे. अशा वेळी गाल बघायचा. नांदेडला ओळखीच्या घरी ग्रीन-विंग्ड अगदी हातभरावरून बघितलाय. डोळ्याखालच्या पांढऱ्या उघड्या कातडीवर बारीक लाल पिसांच्या रेघा असतात, सुईदोऱ्यानं टाके घातल्यासारख्या. स्कार्लेटच्या गालावर त्या दिसत नाहीत, गाल कोराच वाटतो.

आणखी एक. पिवळ्यात हिरवं दिसलं की लगेच ग्रीन-विंग्ड म्हणू नका. दक्षिण अमेरिकेतल्या स्कार्लेटच्या पिवळ्या पिसांची टोकं हिरवी असतात. मध्य अमेरिकेतल्या सायनोप्टेरा या उपजातीत मात्र पिवळ्याला लागून थेट निळा येतो, मध्ये हिरवा नसतो. पिंजऱ्यात या दोन्ही जातींचा संकरही करतात, त्यामुळे गालावर रेघा आणि पंखावर पिवळा असं एकत्र दिसलं तर ती शक्यता धरायलाच हवी. हा फरक कागदोपत्रीही महत्त्वाचा आहे: स्कार्लेट साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे, ग्रीन-विंग्ड दुसऱ्या. गालाचा जवळून काढलेला फोटो असेल तर कृपया टाका.