शब्दचर्चा : ‘मध्यस्थी करा’ म्हणजे नक्की काय करायचं?

प्रश्नकर्ता :
आमच्या वरच्या मजल्यावर एक ख्रिस्ती कुटुंब राहतं. मूळचे नगरचे, आता बरीच वर्षं पुण्यात. गेल्या मंगळवारी सकाळी सहाला त्यांच्या मुलीचा मेसेज आला, ‘पप्पा आयसीयूत आहेत, व्हेंटिलेटर लावलाय. कृपया तातडीने मध्यस्थी करा.’ मी शर्ट चढवला, पाकीट घेतलं आणि स्कूटर काढली. म्हटलं, बिलावरून किंवा बेडवरून काहीतरी बिनसलं असणार. मी बँकेतून निवृत्त, चार माणसं ओळखीची. तिथे पोचून तिला विचारलं, “कुणाशी बोलायचंय?” ती क्षणभर बघतच राहिली. मग हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. मेसेज चर्चच्या ग्रुपसाठी होता, माझ्याकडे चुकून आला होता. म्हणाली, “काका, देवाशी बोलायचं होतं. पण आलात ते बरं झालं.”

तेव्हापासून डोक्यात हाच शब्द घोळतोय. मध्यस्थी दोघांच्या भांडणात असते, नाहीतर जमिनीच्या व्यवहारात. इथे दोन पक्ष कोणते? आणि देवाकडे दुसऱ्यासाठी मागणं याला आपल्याकडे साकडं, विनवणी, करुणा भाकणं असे शब्द असताना हाच का?

नगरकर :
शब्द चुकलेला नाही, पण तुमची स्कूटर काढण्यात गैर काही नाही. आमच्याकडे ‘मध्यस्थी’ किंवा ‘मध्यस्थीची प्रार्थना’ म्हणजे स्वतःसाठी न मागता दुसऱ्यासाठी देवासमोर उभं राहणं. शब्द थेट पवित्र शास्त्रातून, म्हणजे बायबलमधून आलाय. रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायात ‘आत्मा स्वतः अनिर्वाच्य कण्हण्याने मध्यस्थी करतो’ असं वाक्य आहे. आजारी माणसाजवळ बसलेल्याला ते न समजावता समजतं. तोंडून शब्द फुटत नाही, नुसतं कण्हणं निघतं, आणि तेही प्रार्थनेत धरलं जातं.

एक मात्र सांगतो. ‘मध्यस्थी’ हा मंचावरचा आणि मेसेजमधला शब्द. घरात कुणी तो फारसा वापरत नाही. आमची आई आजारी होती तेव्हा शेजारच्या बायका म्हणायच्या, “आम्ही आठवण ठेवतोय हो.” त्याचा अर्थ, प्रार्थनेत तुमचं नाव घेतोय. नवख्याला वाटेल, वाढदिवसाची आठवण ठेवतात तसं काहीतरी. दुसरा शब्द ‘भार’. “पहाटे तीनला जाग आली, तुझ्या आईचा भार आला,” असं एका मावशींनी मला सांगितलं होतं. म्हणजे तिच्यासाठी प्रार्थना केल्याशिवाय राहवेना. आणि विभक्तीकडे लक्ष द्या. ‘आईसाठी प्रार्थना’ घरबसल्या होते. ‘आईवर प्रार्थना’ म्हणजे जवळ जाऊन, डोक्यावर हात ठेवून.

प्रश्नकर्ता :
‘वर’चं हे कधीच ऐकलं नव्हतं. पण माझी मूळ अडचण तशीच आहे. संस्कृतात मध्यस्थ म्हणजे कोणाच्याच बाजूचा नसलेला. गीतेच्या ६व्या अध्यायात सुहृद, मित्र, शत्रू, उदासीन यांच्या रांगेतच ‘मध्यस्थ’ येतो. वरच्या मजल्यावरची ती मुलगी तटस्थ आहे होय? ती तर पूर्णपणे बापाच्या बाजूची!

नगरकर :
बरोबर बोट ठेवलंत. याचं उत्तर ग्रीकमध्ये सापडतं. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, दोन वेगळे शब्द आहेत. एक ‘मेसितेस’, म्हणजे मधला, दोन पक्षांना जोडणारा. दुसरा ‘एन्टिंखानो’ हे क्रियापद. त्याचा मूळ अर्थ गाठणं, भेट घेणं, आणि त्यावरून कुणाकडे जाऊन अर्ज-विनंती करणं. या दुसऱ्या शब्दात ‘मध्य’ कुठेच नाही. तुम्ही स्कूटरवरून येऊन विचारलंत ना, “कुणाशी बोलायचंय?” तोच तो शब्द.

तीमथ्याला पहिल्या पत्राचा २रा अध्याय काढा. पहिल्याच वचनात सर्व माणसांसाठी विनंत्या, प्रार्थना, ‘रदबदल्या’ करायला सांगितलंय. ५व्या वचनात ख्रिस्त हा देव आणि माणूस यांच्यामधला एकच ‘मध्यस्थ’. मराठी भाषांतरकारांनी तिथे दोन शब्द नीट वेगळे ठेवले. रोमकरांसमध्ये मात्र दुसऱ्या शब्दालाही ‘मध्यस्थी’च लावलं, आणि तेच तोंडी बसलं. माझं मत विचाराल तर ‘रदबदली’ हाच खरा शब्द होता. रदबदली करणारा तटस्थ नसतो. तो एकाचीच बाजू घेऊन दुसऱ्याच्या दारात जातो. देव सदोम नगराचा नाश करणार असतो, तेव्हा ‘तिथे पन्नास नीतिमान सापडले तरी नगर वाचव’ इथपासून अब्राहाम देवाशी घासाघीस करत दहावर येतो, ती अस्सल रदबदली.

प्रश्नकर्ता :
पण रदबदली म्हटलं की आज वशिला आठवतो. ‘मुलाच्या ॲडमिशनसाठी आमदारांकडे रदबदली.’

नगरकर :
म्हणूनच मागे पडला असणार. फार्सी शब्द आमच्या पिढीला कचेरीतलेच वाटतात.

वसईची :
मी कॅथलिक, त्यामुळे थोडी वेगळी बाजू. आमच्याकडे सर्रास चालतो तो ‘विनंती’. लितानीत, म्हणजे संतांना ओळीने हाक मारायच्या प्रार्थनेत, एकेका संताचं नाव घेतलं की सगळे म्हणतात, ‘आमच्यासाठी विनंती कर’. म्हणजे आम्ही आजाऱ्यासाठी मागतो आणि वर मरियेला, संतांनाही सांगतो की तुम्हीही मागा. वरच्या त्या ‘एकच मध्यस्थ’ वचनावरून प्रोटेस्टंट मैत्रिणी आमच्याशी वाद घालतात. आमचं उत्तर असं, की मध्यस्थ एकच, पण विनंती करणारे कितीही. तुमच्या ग्रीकने ते आयतंच सिद्ध केलं की! (हा वाद इथे वाढवू नये, ही माझीच विनंती.)

बांद्र्याच्या माउंट मेरीला आमच्या आजीच्या तोंडी ‘मोतमाऊली’. दर सप्टेंबरात, ८ तारखेच्या सणाला धरून, तिथे जत्रा भरते. ज्याचा पाय दुखतो त्याच्यासाठी मेणाचा पाय, हातासाठी हात. आई आजारी असताना मीही नेलं होतं. विकणाऱ्या बाईने विचारलं, “काय दुखतंय?” मी म्हटलं, “मला नाही, आईचं.” ती म्हणाली, “मग आईचं नाव घेऊन ठेव.” एवढंच. मेण आईच्या नावाचं, पाय चालले माझे. तिथे हिंदू बायकाही तितक्याच असतात, आणि त्या याला बिनदिक्कत ‘नवस’ म्हणतात. शब्दाने काटेकोर राहायचं तर नवसात अट असते, बरं झालं तर अमुक करीन अशी. विनंतीत ती नसते. पण त्या रांगेत उभं राहून कोण हा फरक करत बसतो?

अवांतर : ‘तेल’ या शब्दाची आमच्याकडे दहशत आहे. फादर तेल घेऊन घरी आले की शेजारी समजतात, आटोपलं. पूर्वी त्या विधीचं नावच शेवटच्या अभ्यंगाचं होतं. १९६३ साली कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं की याला आजाऱ्यांचं अभ्यंग म्हणणं अधिक बरं, ते केवळ मरणाच्या दारातल्यांसाठी नाही. नाव बदललं, भीती अजून तिथेच आहे. माझ्या मामाने फादरना बघून सरळ विचारलं होतं, “डॉक्टर काय म्हणाले ते मला सोडून सगळ्यांना सांगितलंय का?”

नगरकर :
तेलावरून आठवलं. याकोबाच्या पत्राच्या ५व्या अध्यायात दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या वडीलधाऱ्यांना, बोलवावं आणि त्यांनी त्याला ‘तैलाभ्यंग’ करून प्रार्थना करावी असं आहे. ‘तैलाभ्यंग’! मराठी माणसाला अभ्यंग म्हटलं की उटणं आणि पहाटेची थंडीच आठवणार. आईच्या कपाळाला पाळकसाहेबांनी तेल लावलं तेव्हा ती धड शुद्धीत नव्हती. डोळे न उघडता म्हणाली, “दिवाळी आली का रे?” खोलीत सहा-सात जण होते, कुणालाच पुढची प्रार्थना सुचेना. शेवटी त्या भारवाल्या मावशीच म्हणाल्या, “आली हो, आली.”

मालवणी :
‘साकडं’ अजून कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. साकडं म्हणजे मुळात संकटच, संस्कृत ‘संकट’पासून आलेलं. त्यात अरुंद जागेचा, कोंडीचा अर्थ आहे. म्हणजे साकडं घालणं हे आपली कोंडी उचलून देवाच्या अंगावर टाकणं झालं. आषाढीला ‘मुख्यमंत्र्यांचे विठुरायाला साकडे’ असा मथळा ठरलेला. तेही दुसऱ्यांसाठीच मागणं, निदान मथळ्यापुरतं तरी.

पण प्रश्नकर्त्यांना हवा असलेला शब्द आमच्याकडे आहे, गाऱ्हाणं. इतरत्र गाऱ्हाणं म्हणजे तक्रार. सिंधुदुर्गात गाऱ्हाणं ‘घालतात’. ज्याच्या घरात दुखणं आहे तो स्वतः बोलत नाही. जाणता माणूस त्याच्या वतीने देवाला उभं करतो, “बा देवा म्हाराजा... ह्या तुझ्या लेकराच्या घरात जा काय दुखणा शिरला आसा, ता दूर कर म्हाराजा!” आणि जमलेले सगळे एका आवाजात, “व्हय म्हाराजा!” बोलणारा एक, भोगणारा दुसरा, आणि होकार भरणारे पन्नास. ही मध्यस्थी नाही तर काय?

वसईची :
अगदी मिस्सेतल्यासारखं, म्हणजे चर्चमधल्या आमच्या उपासनेतल्यासारखं. एक जण वाचतो, ‘आपल्या धर्मग्रामातील आजाऱ्यांसाठी’, आणि सगळे म्हणतात, ‘हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक’. त्यात आईचं नाव वाचलं गेलं होतं तेव्हा मी तोंड उघडू शकले नव्हते. बाकीच्यांनी म्हटलं.

नगरकर :
मार्काच्या २ऱ्या अध्यायातले ते चौघे आठवले. पक्षघाती माणसाला बाजेसकट उचलून आणतात, दारात गर्दी म्हणून छप्पर उसवून खाली सोडतात. त्या गोष्टीत तो आजारी माणूस स्वतः काहीच बोलत नाही. चौघांच्या तोंडीही प्रार्थनेचा एक शब्द नाही.

प्रश्नकर्ता :
सगळ्यांचे आभार. काल पुन्हा हॉस्पिटलात गेलो होतो. पप्पा अजून आतच आहेत. बाहेरच्या बाकड्यांपाशी त्यांच्या मंडळीतले आठ-दहा जण हात धरून उभे होते. मुलीने मला बघितलं आणि तिच्या शेजारी जागा केली. एक म्हातारे गृहस्थ हळू आवाजात बोलत होते, “प्रभू, तू स्पर्श कर, तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, पण आम्हाला ते हवे आहेत.” हा ‘पण’ मी नीट ऐकला. रदबदलीच होती ती. वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन आला तेव्हा सगळे हात न सोडता भिंतीकडे सरकले, तो गेल्यावर पुन्हा पुढे आले.

शेवटी सगळे “आमेन” म्हणाले. माझ्या तोंडून “व्हय म्हाराजा” निघता निघता राहिलं.