जुन्या एमएक्स-५चा टेम्परेचर काटा सतत वर-खाली होतो, सुरुवात कुठून करू?

रामबागकर

नमस्कार मंडळी. गाडी माझदा एमएक्स-५, पहिली पिढी, १९९१, १.६ लिटर इंजिन, मॅन्युअल गिअर, एसी आहे. इंजिनात काही बदल केलेले नाहीत.

काट्याचं वागणं असं. इंदूरला जवाहर मार्गावर ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की काटा मध्याच्या वर सरकतो, पाऊणपर्यंत जातो. एसी लावल्यावर आणखी चढायला हवा, तर उलट थोडा खाली येतो. बायपासवर ८०च्या वेगाला मध्यावर येऊन बसतो, पण १००च्या पुढे गेलं की परत चढायला लागतो. बडवाहकडून येताना भेरूघाटाच्या चढावर तर हमखास. शिवाय संध्याकाळी हेडलाइट लावले की काटा एकदम वर उडतो, बंद केले की खाली.

बाहेर गळती दिसत नाही, रिझर्व्ह टाकीतली कूलंटची (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याची) पातळी मात्र हळूहळू उतरते. आधीच्या मालकाने हीटरच्या नळ्यांच्या दोन्ही जागा इंजिनच्या बाजूला बूच मारून बंद केल्या आहेत. गॅरेजवाला म्हणतो, थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकू, इथल्या उन्हात तो लागतोच कशाला. काढू का?

---

बाराचा_पाना

थर्मोस्टॅट काढू नका. काटा वर-खाली होत असताना थर्मोस्टॅट काढला तर तो जास्त हलेल, कारण तापमानाची खालची मर्यादा तोच धरून ठेवतो. मोकळ्या रस्त्यावर इंजिन नीट तापणारच नाही, पेट्रोलचं माप ठरवणाऱ्या कंट्रोल युनिटला इंजिन गारच वाटेल, ते पेट्रोल जास्त सोडत राहील. आणि ट्रॅफिकमध्ये फायदा शून्य. तिथे थर्मोस्टॅट आधीच उघडलेला असतो, अडचण रेडिएटर आणि पंख्याची असते.

आता काट्याबद्दल. पहिल्या पिढीचा काटा खरोखर तापमानाप्रमाणे हलतो. दुसऱ्या पिढीपासून तो मुद्दाम सुस्त केलाय, बऱ्याच मोठ्या टप्प्यात मध्यावरच बसून राहतो. म्हणून नव्या गाड्यांची सवय असलेल्याला ही गाडी उगाच घाबरवते. थर्मोस्टॅट ८८ अंशांच्या आसपास उघडायला लागतो, पंखा ९७ला सुरू होतो. म्हणजे उभ्या गाडीत ८८ ते ९७ अशी ये-जा होणं हे काम चोख चाललंय याची खूण आहे. पाऊणपर्यंत जाणं मात्र त्यात बसत नाही.

तुमच्या एका प्रश्नात तीन वेगळे आजार आहेत, त्यांची सरमिसळ करू नका.

उभ्या गाडीत चढतो आणि एसी लावल्यावर उतरतो, हे जवळजवळ निदानच आहे. या गाडीला रेडिएटरमागे दोन पंखे असतात. एसी लावला की तो एसीचा पंखाही फिरतो आणि रेडिएटरला वारा मिळतो. म्हणजे मुख्य पंखा वेळेवर लागत नाहीये.

१००च्या पुढे आणि घाटात चढतो, तिथे पंख्याचा काही संबंध नाही. तिथे रेडिएटरमधून वारा किंवा पाणी पुरेसं जात नाहीये.

हेडलाइटबरोबर उडतो, तो तर उष्णतेचा मामलाच नाही. पाण्याचं तापमान एका सेकंदात दहा अंशांनी बदलत नसतं.

एक पार्टही विकत घेण्याआधी इन्फ्रारेड थर्मामीटर आणा. चकचकीत अल्युमिनियमवर तो खोटं, कमी तापमान दाखवतो. थर्मोस्टॅटच्या घरावर आणि हेडच्या (सिलिंडरवरच्या भागाच्या) मागच्या टोकाला काळी चिकटपट्टी लावून तिच्यावर माप घ्या.

---

सुदामानगर_इलेक्ट्रिक

हेडलाइटचं मी सांगतो. अर्थिंग सैल किंवा गंजलेलं आहे. काट्याचा सेन्सर एका वायरचा आहे, त्याचा परतीचा रस्ता इंजिनच्या धातूतूनच जातो. हेडलाइटसारखा मोठा भार चालू झाला की खराब अर्थवर व्होल्टेज पडतं आणि काटा वेड्यासारखा वागतो.

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरं इंजिन ब्लॉकवर, इंजिन चालू, हेडलाइट आणि ब्लोअर चालू. ०.१ व्होल्टच्या आत हवं. मग तेच बॉडीवर. ही गाडी असल्यामुळे एक लक्षात ठेवा, बॅटरी डिकीत आहे, त्यामुळे बॉडीवरचा प्रत्येक जोड या वाटेत येतो. ०.३च्या वर दिसलं तर इंजिन ते बॉडी पट्टी काढून दोन्हीकडचा रंग-गंज खरवडा, परत कसा, वरून ग्रीस लावा. त्यानेही फरक पडला नाही तर मीटर पॅनेलची अर्थ बघायची.

पंख्यासाठी इंजिनबेमधली 'डायग्नोसिस' लिहिलेली काळी डबी उघडा. झाकणाच्या आत टर्मिनलची नावं छापलेली आहेत. इग्निशन ऑन करून टीएफए आणि जीएनडी ही दोन वायरच्या तुकड्याने जोडा. मुख्य पंखा फिरला तर मोटर, रिले, फ्यूज तिन्ही ठीक, दोष थर्मोस्विचमध्ये (पाणी तापल्यावर पंखा लावणाऱ्या स्विचमध्ये) किंवा त्याच्या वायरीत. नाही फिरला तर मोटरला थेट १२ व्होल्ट देऊन बघा.

कंट्रोल युनिटचा दोन पिनांचा सेन्सर वेगळा आहे, त्याचा काट्याशी संबंध नाही. तरी मोजून घ्या. २० अंशांना २.२ ते २.७ किलोओहम, ८० अंशांना ०.२९ ते ०.३५. इथे मे महिन्यात २० अंश कुठून आणणार, म्हणून काढून बर्फ घातलेल्या पाण्यात थर्मामीटरसोबत धरा.

---

माळव्याची_धूळ

वेगात चढण्याची दोन कारणं आपल्याकडे फार दिसतात आणि दोन्ही फुकटात तपासता येतात.

नाकाखालचा प्लास्टिकचा ट्रे आहे का बघा. स्पीडब्रेकरवर तो घासून तुटतो, मग कोणी परत बसवत नाही. तो निव्वळ चिखल अडवायला नसतो. समोरून आलेला वारा रेडिएटरमधून जावा, खालून निसटू नये, ही त्याची खरी कामगिरी. तो नसेल तर ८०ला ठीक आणि १०० नंतर गरम, अगदी तुमच्यासारखंच. बाजूच्या फोमच्या पट्ट्याही बघा.

दुसरं, एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची जाळी) आणि रेडिएटर यांच्यामधली जागा. वरून दोन्ही स्वच्छ दिसतात, पण मध्ये सोयाबीन-गव्हाचा भुसा, लिंबाची पानं आणि काळी माती यांचा नमदा बसलेला असतो. ऑक्टोबरात आणि मार्च-एप्रिलमध्ये कापणीच्या दिवसांत गावाकडच्या रस्त्याने गेलेली कुठलीही गाडी बघा. रेडिएटरचे वरचे ब्रॅकेट सोडून तो मागे झुकवा, इंजिनच्या बाजूकडून पुढे साधं नळाचं पाणी सोडा. प्रेशर वॉशर जवळ नेलात तर जाळीचे पातळ पंख आडवे होतील आणि आहे तो वाराही बंद.

---

रामबागकर

खूप आभार सगळ्यांचे. मापं घेतली.

ब्लॉक आणि बॅटरीमध्ये ०.६ व्होल्ट होते. पट्टी साफ करून ०.०५वर आले, हेडलाइटवर काटा आता हलत नाही. टीएफए जोडल्यावर मुख्य पंखा जोरात फिरला. खालचा ट्रे नाहीच. मध्ये भुसा होता, काढला. रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी काळी नाही, शेवाळी-तपकिरी झाली आहे.

उभ्या गाडीत थर्मोस्टॅटच्या घरावर १०३ आले, तरी पंखा आपणहून लागला नाही. हेडच्या मागच्या टोकाला त्याच वेळी ११४. एवढा फरक असतो का?

---

बाराचा_पाना

थर्मोस्विच गेला. १०३ला पंखा नाही म्हणजे प्रश्न मिटला. नवीन बसवताना धाग्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, स्विचची अर्थ धाग्यातूनच जाते.

११ अंशांचा फरक मात्र फार आहे, आणि त्याचं कारण तुम्हीच पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय: हीटरला मारलेली बुचं.

हे इंजिन मुळात आडवं, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठी बनलेलं. तिथे पाणी हेडच्या एका टोकाने आत येऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. या गाडीत ते उभं बसवताना थर्मोस्टॅट पुढच्या टोकाला घेतला, पंपही पुढेच. त्यामुळे पाणी पुढेच आत जातं आणि पुढूनच बाहेर येतं. चौथ्या सिलिंडरपाशी, अगदी मागे, पाणी हलतं ठेवणारी मुख्य वाट म्हणजे हीटरची नळी. हीटर वापरा, न वापरा, ती वाहती असावी लागते. ती बंद केली की मागे पाणी जवळजवळ साचून राहतं. काट्याचा सेन्सर नेमका तिथेच मागे आहे, आणि पंख्याचा स्विच पुढे. म्हणून काटा घाबरवतो आणि स्विचला अजून पत्ताच नसतो.

इंदूरला हीटर लागतो किती दिवस, असं म्हणून गॅरेजवाले बूच मारतात. दुसऱ्या गाडीत खपतं, हिच्यात नाही. हीटर कोअर गळका असेल तर दोन्ही नळ्या एकमेकींना जोडून फेरा पूर्ण करा, म्हणजे हेडच्या मागून निघालेलं पाणी पंपाच्या तोंडाशी परत येईल. आतला व्यास मोजून हीटर होजच घ्या. पाण्याची साधी नळी तेलाच्या वाफांनी आणि उष्णतेने फुगून फाटते. पुढे कधी ट्रॅक डेला न्यायची किंवा टर्बो बसवायचा विचार असेल तर थर्मोस्टॅट मागे नेणारं रीराउट किट मिळतं. साध्या वापराला त्याची गरज नाही.

रेडिएटरच्या टाकीचा रंग बदलला म्हणजे प्लास्टिक पिकलं. ते शिवणीपाशी चिरतं, आणि चिरतं तेव्हा घाटातच. अल्युमिनियमचा नवा घ्या. जुना टाकण्याआधी गरम असताना त्याच्या जाळीवरून थर्मामीटर फिरवा. मध्येच एखादा पट्टा शेजारच्यापेक्षा १५ अंशांनी गार लागला तर त्या नळ्या आतून बुजल्यात, तुमच्या भेरूघाटाचा अर्धा हिशेब तिथे लागेल.

रेडिएटर निघालाच आहे तर खालची होज दाबून बघा. ती पंपाच्या ओढीच्या बाजूला आहे. मऊ पडली असेल तर उच्च आरपीएमला आत चिपकते आणि पाणी अडतं, इंजिन मंद केलं की परत गोल. उभ्या गाडीत हे कधीच दिसत नाही.

---

सुदामानगर_इलेक्ट्रिक

थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून तपासणार असाल तर एक. इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ अंशांनाच उकळतं. गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात पूर्ण उघडण्याचं माप १०० अंशांचं दिलंय, ८ मिलिमीटर. तेव्हा पातेल्यात थोडं कमी उघडला म्हणून चांगला थर्मोस्टॅट फेकू नका. ८८च्या अलीकडे-पलीकडे हलायला लागतो का आणि गार होताना पूर्ण मिटतो का, एवढं बघा. बसवताना छोटी हवा जाण्याची पिन वरच्या बाजूला. बोल्ट २० न्यूटन-मीटरच्या आसपास, आटे अल्युमिनियमचे आहेत, जोर लावू नका.

---

माळव्याची_धूळ

कूलंट भरतानाची हवा हे या गाडीचं जुनं दुखणं. सिस्टिममध्ये ६ लिटर मावतात, पण फक्त रेडिएटर रिकामा केला तर बरंच ब्लॉकमध्ये राहतं. म्हणून निघालेलं पाणी मोजा, आणि तेवढंच परत गेलं का ते बघा. एक लिटर कमी गेलं तर एक लिटर हवा आत आहे.

पुढची चाकं रॅम्पवर चढवा, म्हणजे रेडिएटरचं तोंड सगळ्यात उंच होईल. सावकाश भरा, वरची होज हाताने दाबत राहा. झाकण काढूनच इंजिन चालू करा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते, तेव्हा परत भरा. बुडबुडे थांबले की झाकण लावा, रिझर्व्ह टाकी वरच्या रेषेपर्यंत. पुढच्या सकाळी गार इंजिनवर पातळी बघा, पहिल्या एक-दोन वेळा थोडं लागतंच.

पाणी डिस्टिल्डच. नळाला नर्मदेचं येतं म्हणून ते रेडिएटरला चालतं असं नाही, आणि बोअरचं तर मुळीच नको, क्षार आतून थर धरतात. हेड अल्युमिनियमचं आणि ब्लॉक बीडाचा, त्यामुळे गंजरोधक रसायन संपलेलं कूलंट इथे लवकर नुकसान करतं. इथल्या हवेला ४० टक्के कॉन्सन्ट्रेट पुरतं. जास्त घातलं तर मिश्रण उष्णता कमी वाहतं. जपानी इंजिनांना चालणारं, सिलिकेट नसलेलं घ्या. रंग बघून दोन प्रकार एकत्र करू नका. डब्यावर 'तयार मिश्रण' लिहिलं असेल तर त्यात पाणी घालायचं नसतं.

---

बाराचा_पाना

पातळी उतरण्याचं राहिलं. आधी झाकण बदला, ०.९ बारचं. झाकणाचं रबर कडक झालं की दाब धरत नाही. दाब धरला तर इथल्या उंचीवर नुसतं पाणीही ११७-११८पर्यंत उकळत नाही, कूलंट तर त्याहून वर. दाब गेला की हेडमागच्या त्या ११४ला वाफ होणारच, आणि वाफेचा बुडबुडा सेन्सरवर आला की काटा नाचतो.

मग हातपंपाने गार सिस्टिमला ०.९ बार देऊन दहा मिनिटं सोडा. हातपंपावरचा काटा उतरला तर पाण्याच्या पंपाचं गळतीचं भोक, हेडमागचा बूच आणि होजच्या क्लिपा बघा. पाण्याचा पंप अल्टरनेटरच्या बेल्टवर चालतो, पण तो काढायला टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, म्हणून पंप गळत असेल तर टायमिंग बेल्टही त्याच वेळी बदला, मजुरी एकच.

बाहेर कुठे ओल नाही आणि तरी दाब उतरतोय, तर हेड गॅस्केटवर (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलवर) संशय घ्या. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची ब्लॉक टेस्टर नळी धरा. जळलेला वायू कूलंटमध्ये येत असेल तर निळा पिवळा होतो. सकाळी गार इंजिन चालू केल्यावर मिनिटभरात वरची होज दगडासारखी कडक झाली, तरी अर्थ तोच.

हे सगळं होईपर्यंत भेरूघाट नको. आणि शहरात काटा पाऊणच्या वर गेला तर एसी लावा, म्हणजे दुसरा पंखा फिरेल. तरी चढत राहिला तर कडेला घेऊन इंजिन बंद करा, आणि वरची होज हातात धरवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.