गाणी म्हणजे नुसती सजावट?

‘घाशीराम कोतवाल’ या नाटकातली बोच सगळी तेंडुलकरांच्या संवादांत, गाणी आपली सजावटीला, आणि नाटकावर सरकारने बंदी घातली होती, असं एकाने लिहिलंय. गाण्यांचं अजिबात पटलं नाही. रांगेत डोलणारे ब्राह्मण देवाचं नाव घेता घेता लावणीवर येतात. ढोंग दाखवायला आणखी संवाद कशाला हवेत? भास्कर चंदावरकरांचं संगीत काढलंत, तर नाना फडणवीस आणि कोतवालाची गोष्ट तेवढी उरेल.

बाकी ‘सरकारी बंदी’ म्हणताय, तर डिसेंबर १९७२ पासूनच्या १९ प्रयोगांनंतर नाटक थांबवलं ते निर्मात्या पीडीएनेच (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, पुण्याची नाट्यसंस्था). मग नाटकातली मंडळी पीडीएतून बाहेर पडली, १९७३मध्ये थिएटर अकॅडमी ही स्वतःची संस्था काढली आणि तिथून प्रयोग पुन्हा सुरू झाले.