गावच्या बंद घराला चोर-अलार्म स्वतः बसवायचाय, वायफायवाला घेऊ की सिमवाला?

चाकरमानी_लांजा

नमस्कार मंडळी. आमचं गाव लांज्याजवळ, घर कौलारू, चिऱ्याच्या भिंतींचं, वाडीच्या अगदी टोकाला. आम्ही डोंबिवलीत. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर घराला कुलूपच असतं. गेल्या वर्षी श्रावणात मागच्या पडवीच्या दाराचा कडीकोयंडा उचकटून कोणीतरी आत शिरलं. रोकड-दागिने आम्ही तिथे ठेवतच नाही, पण आजीच्या लग्नातले तांब्याचे दोन हंडे, पितळेचं घंगाळ आणि देवघरातली समई गेली. आम्हाला कळलं ते तेरा दिवसांनी, शेजारचे काका म्हैस शोधत मागच्या बाजूला गेले आणि दार उघडं दिसलं म्हणून. पंचनामा झाला, तक्रार झाली, वस्तू काही परत आल्या नाहीत. मांडणीवर हंडे असायचे तिथे दोन गोल हिरवट डाग राहिलेत, आई ते अजून पुसू देत नाही.

आता प्रश्न असा की आई (वय ७१) यंदा गणपतीपासून दिवाळीपर्यंत तिथे एकटीच राहणार म्हणते, आणि तिला नाही म्हणायची माझी हिंमत नाही. तेव्हा गणपतीच्या आत अलार्म बसवायचाय. रत्नागिरीच्या एका माणसाने कोटेशन दिलं ते बजेटच्या दुप्पट, माझं बजेट १२-१३ हजार. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे त्यामुळे वायरिंग, मल्टिमीटर, ड्रिल हे सगळं जमतं. पण घरात ब्रॉडबँड नाही, मोबाईलची रेंज फक्त ओटीवर येते तीही दोन काड्या, पावसात लाईट गेली की कधी दोन-दोन दिवस येत नाही, आणि माळ्यावर मांजरं, वटवाघळं, कधीकधी उदमांजर असा सगळा संसार आहे. अशा घरात सेन्सर टिकतील का? कोणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

सोल्डरगन_कोल्हापूर

दादा हंड्यांचं वाचून वाईट वाटलं. मी स्वतःच्या घरी आणि नात्यात मिळून पाच ठिकाणी बसवलाय त्यातलं सांगतो, थोडं लांबेल.

वायफायवाला विसरा. राऊटर बंद पडला की तो मुका, आणि तुमच्याकडे राऊटरच नाही. सिमवाला पॅनल (म्हणजे सगळे सेन्सर ज्याला जोडतात तो अलार्मचा मुख्य डबा) घ्या पण घेताना एक गोष्ट नक्की विचारा, ती म्हणजे तो २जी आहे की ४जी. बाजारात स्वस्तातले बरेच पॅनल अजून २जीचे येतात, त्यात जिओचं सिम चालणारच नाही कारण जिओचं २जी नेटवर्कच नाही. म्हणून आधी ओटीवर उभं राहून कुठल्या कंपनीची रेंज चांगली आहे ते बघा आणि मग त्या सिमला चालेल असा पॅनल घ्या, उलटं करू नका. अँटेना स्क्रूने निघणारी असलेला पॅनल मिळाला तर तीन मीटर वायरची अँटेना लावून ती वर वाशाला बांधता येते, पॅनल मात्र ओटीवर अजिबात नको, आत लपवून ठेवा, चोराच्या हाताला पहिल्या मिनिटात लागला तर सगळंच वाया.

सेन्सर मुख्यतः दोन प्रकारचे. दाराचा मॅग्नेटिक, त्यात काचेच्या नळीत दोन बारीक पट्ट्या असतात, चुंबक जवळ असला की चिकटलेल्या, दार उघडलं की सुटतात. साधा, स्वस्त आणि फारसा खोटं न बोलणारा. दुसरा पीआयआर, तो माणसाच्या अंगाची उष्णता हलताना पकडतो, म्हणजे माणूस त्याच्या समोरून आडवा गेला तर लगेच, सरळ त्याच्याकडे चालत आला तर जरा उशिरा. त्यामुळे कोपऱ्यात सात फुटांवर असा लावा की येणारा आडवा जाईल. खिडकीकडे तोंड नको, ऊन पडतं त्या भिंतीकडे नको, कौलांकडे तर नकोच. दुपारी कौलं तापतात आणि ढग आला की निवतात, तेवढंही त्याला पुरतं.

खिडकी-खिडकीला सेन्सर लावत बसू नका. तुमच्या घराचा नकाशा काढा आणि बघा की कुठूनही शिरलं तरी कुठली जागा ओलांडावीच लागते. आपल्याकडच्या जुन्या घरात ती जागा बहुतेक माजघर असते. कौलं काढून उतरलेला माणूससुद्धा माजघरातूनच देवघराकडे किंवा कपाटाकडे जाणार. तिथे एक चांगला पीआयआर आणि पुढच्या-मागच्या दाराला मॅग्नेटिक, बस.

वायरलेस की वायर, तर दोन्ही मिसळा. चिऱ्याची दीड-दोन वितींची भिंत मध्ये आली की स्वस्त वायरलेस सेन्सरचा सिग्नल मार खातो आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा सेल संपला तरी पॅनलला पत्ता लागत नाही. मागच्या दाराला वायरच ओढा. वायरचं सर्किट दार बंद असताना जुळलेलं ठेवायचं, म्हणजे कोणी वायर कापली तरी दार उघडल्यासारखाच अलार्म होतो. वायर पीव्हीसी पाइपातून न्या, उंदीर कुरतडतात. आणि प्रत्येक दाराला वेगळा झोन, म्हणजे पॅनलवर वेगळी जोडणी द्या, सगळी दारं एका झोनमध्ये ओवली तर मेसेज येतो पण कुठलं दार ते कळत नाही.

लाईटचं गणित सोपं आहे. पॅनलच्या आतली बॅटरी माझ्याकडे सात-आठ तास चालते, तुम्हाला ती पुरणार नाही. बाहेरून १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी जोडा. पॅनल आणि वायरवाले सेन्सर मिळून १०० मिलीअँपियर खात असतील तर कागदावर ७० तास, प्रत्यक्षात दोन दिवस धरून चाला. तुमच्याकडे निसर्ग वादळात (जून २०२०) मंडणगड-दापोलीकडच्या किती गावांना आठवडेच्या आठवडे वीज नव्हती हे आठवत असेल, तसं काही झालं तर कुठलीच बॅटरी पुरत नाही, मग २० वॅटचं सोलर पॅनल आणि चार्ज कंट्रोलर असा जोड देता येतो, पण ते पुढच्या वर्षी करा, आत्ता नको.

सुतारकाम_संगमेश्वर

अलार्म लावा जरूर, पण त्याआधी मागचं दार बघा. कोयंड्याचे स्क्रू बाहेरून दिसत असतील तर कटावणीला एक मिनिटसुद्धा लागत नाही. आरपार नटबोल्ट घाला, नट आतल्या बाजूला आणि मागे लोखंडी पट्टी. आणि जुन्या घराला अडसर, म्हणजे दारामागे आडवा टाकायचा लाकडी दांडा, असणारच, भिंतीत त्याची खोबण अजून असेल बघा, आजोबा रोज रात्री लावत असतील तो. सागाचा नवा अडसर मी १२०० रुपयात करून दिलाय गेल्या महिन्यात एकांना. आई आत असताना मागचं दार अडसराने बंद असलं की बाहेरच्याला लाथा घालाव्या लागतात आणि तेवढ्यात सायरन वाजून वाडी उठते. घर बंद करून जाताना मागचं दार आतून अडसराने लावायचं आणि पुढच्या दाराने बाहेर पडायचं.

देवरुखची_लेक

मी माझ्या आईकडे दोन वर्षांपूर्वी बसवलाय, भावाने आणि मी मिळून, आणि आमचं जे चुकलं ते तुमचं चुकू नये म्हणून लिहिते.

आम्ही पीआयआर माजघरात लावला तो ट्यूबलाईटच्या बाजूला, कारण तिथे वायर जवळ होती. पहिल्या पंधरवड्यात तीनदा सायरन झाला, एकदा रात्री अडीचला. शेजारचे आप्पा बॅटरी आणि कोयती घेऊन धावत आले, दुसऱ्यांदाही आले, तिसऱ्यांदा त्यांनी खिडकीतूनच विचारलं, काय गं परत तेच का. आईला इतकं ओशाळल्यासारखं झालं की तिने सेन्सरवर मुलाचं जुनं टोपडं घातलं आणि आम्हाला सांगितलंच नाही. म्हणजे दोन महिने आम्ही समजत होतो अलार्म चालू आहे आणि तो बिचारा टोपडं घालून बसला होता.

कारण काय निघालं तर पाल. ट्यूबवर किडे येतात, किड्यांमागे पाल येते आणि ती त्या पांढऱ्या फुगीर प्लॅस्टिकवर पोट टेकून सरकते. मी स्वतः खुर्चीवर चढून बघितलं, पाल सरकली की आतला लाल दिवा लागायचा. मग सेन्सर समोरच्या भिंतीवर दिव्यापासून लांब नेला, आत पल्सची (किती वेळा हालचाल जाणवली की अलार्म द्यायचा त्याची) छोटी पिन असते ती एकवरून दोनवर केली आणि मागच्या वायरच्या भोकात सिलिकॉन भरलं कारण मुंग्या तिथूनच आत शिरत होत्या. त्यानंतर आजपर्यंत खोटा अलार्म एकच, तोही आमच्या बोक्याने माळ्यावरून उडी मारली तेव्हा.

आणि दादा, आई घरात असताना पीआयआर बंद आणि फक्त दारं चालू असा मोड असतो, तो तिला नीट शिकवा. रात्री बाथरूमला उठली आणि सायरन झाला तर ती दुसऱ्या दिवशी प्लगच काढेल. आमच्या आईला रिमोटवरची चित्रं कळेनात म्हणून मी त्या बटणावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला, रात्री दार लावलं की लाल ठिपका दाबायचा एवढंच. एक जास्तीचा रिमोट तिने चाव्यांच्या जुडग्यात अडकवलाय, त्यातलं घंटीचं बटण दाबलं की कुठल्याही मोडमध्ये सायरन होतो. मला खरा धीर त्या बटणाचा आहे.

चाकरमानी_लांजा

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंत, खूप आभार. अडसराची खोबण खरंच आहे, मी लहानपणी त्यात गोट्या लपवायचो, तो अडसर होता हे आज कळलं. सुतारदादा तुम्हाला मेसेज करतो. ताई, टोपड्याची गोष्ट आईला वाचून दाखवली, म्हणाली मीही तेच केलं असतं.

दोन शंका. पावसात आमची दारं फुगतात, मागचं दार तर खांदा लावून बंद करावं लागतं आणि मे महिन्यात त्याच दाराच्या फटीतून उजेड येतो. मग मॅग्नेटचं अंतर बदलणार नाही का? आणि पॅनलमध्ये पोलिसांचा नंबर टाकायचा का?

सोल्डरगन_कोल्हापूर

अंतर बदलतं, बरोबर पकडलंत. म्हणून मोठ्या अंतराचा मॅग्नेट घ्या, शटरला वापरतात तो जाड, त्याला दीड-दोन इंच फट चालते. लहान पांढरा असतो तो अर्ध्या-पाऊण इंचातच सुटतो. बिजागरीच्या बाजूला लावू नका, कडीच्या बाजूला वर चौकटीवर लावा. आणि दार लोखंडी किंवा पत्रा मारलेलं असेल तर साधा मॅग्नेट ओढ गमावतो, तिथेही हाच जाडवाला.

पोलिसांचा नंबर पॅनलमध्ये नको. पॅनल नंबर ओळीने लावत जातो आणि रेकॉर्ड केलेला आवाज ऐकवतो, समोरून काही विचारलं तर उत्तर द्यायला कोणी नसतं. पहिला नंबर वाडीतल्या अशा माणसाचा ठेवा जो रात्री फोन उचलतो आणि दोन मिनिटांत पोचतो, दुसरा तुमचा, तिसरा पोलीस पाटलांचा, त्यांना आधी विचारून. खात्री झाली की ११२ तुम्ही स्वतः लावा आणि गाव, वाडी, जवळची खूण नीट सांगा. तुमच्या फोनमध्ये पॅनलचा नंबर असा सेव्ह करा की फोन सायलेंटवर असला तरी वाजेल, ती सोय हल्ली बहुतेक स्मार्टफोनमध्ये असते. सिमचा पिन लॉक काढून मगच पॅनलमध्ये घाला, आणि पॅनलचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ते १२३४ सगळ्यांना पाठ असतं.

सायरन दोन घ्या. एक बाहेर वळचणीखाली शिडीशिवाय हात पोचणार नाही असा आणि एक आत माजघरात, आतला कानठळ्या बसवतो त्यामुळे माणूस तिथे उभाच राहू शकत नाही. बाहेरच्याच्या तोंडाला बारीक जाळी मारा, नाहीतर कुंभारीण माशी मातीचं घर करून तो बंद पाडते, माझ्या मामाकडे झालंय. आणखी एक, तुमच्याकडे मे अखेर आणि परतीच्या पावसात विजा फार होतात. अ‍ॅडॅप्टरच्या आधी सर्ज प्रोटेक्टर (अचानक वाढलेला व्होल्टेज अडवणारा) लावा आणि घराचं अर्थिंग खरंच जिवंत आहे का ते तपासा.

चाकरमानी_लांजा

मंडळी, बसवला. शनिवार-रविवार दोन दिवस लागले. ४जी पॅनल किट ६४००, जाड मॅग्नेट दोन, जादा पीआयआर एक, बॅटरी, दुसरा सायरन, वायर-पाइप आणि अडसर धरून एकूण ११,८५० झाले. अँटेना आढ्याला बांधली तेव्हा आत तीन काड्या आल्या, वर चढून बांधेपर्यंत मात्र जीव मुठीत होता. मागच्या दारापर्यंतची वायर माझ्याकडून चार फूट कमी पडली, जोड द्यावा लागला, तिथे सोल्डर करून टेप मारलाय आणि डबीत घातलाय.

रविवारी रात्री दहा वाजता वाडीला आधी न सांगता मागचं दार उघडून बघितलं. पहिल्या काकांना फोन सोळाव्या सेकंदाला गेला. चार मिनिटांत सहा जण बॅटऱ्या घेऊन खळ्यात, त्यात शेजारची काकू सगळ्यात पुढे. चाचणी होती म्हटल्यावर कोणी रागावलं नाही, आईने सगळ्यांना चहा केला. मग प्रत्येकाला दाखवलं की सायरन बंद कसा करायचा आणि आत शिरायच्या आधी मला फोन करायचा.

बॅटरी बदलायची कधी हे कसं कळतं?

सोल्डरगन_कोल्हापूर

वा, फार बरं वाटलं वाचून. बॅटरीवर आजची तारीख मार्करने लिहून ठेवा आणि तीन वर्षांनी काही तक्रार नसली तरी बदला. मध्ये दर गणपतीला मेन स्विच काढून रात्रभर बॅटरीवर ठेवा आणि सकाळी मल्टिमीटर लावा, १२ च्या खाली दिसलं तर नवीन आणा. सिमच्या रिचार्जची तारीखही त्याच मार्करने पॅनलच्या झाकणाच्या आतून लिहा, आणि डोंबिवलीच्या कॅलेंडरवरसुद्धा.